भुईचाफा मागितला, सोनटक्का उगवला: बागेतल्या नावांचे घोळ

ओसरी | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, आधी किस्सा सांगते, मग प्रश्न विचारते.

आमच्या गुहागरच्या घरी विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर, आंब्याच्या सावलीत भुईचाफा होता. चैत्रात अंगण तापलेलं, जमिनीवर हिरवं पान औषधाला नाही, आणि एका सकाळी मातीतून थेट फूल वर आलेलं असायचं. पांढरं, मधली पाकळी जांभळी. वास घ्यायचा तर गुडघे टेकूनच. ते घर आता भावकीत गेलं आणि वाटेवर फरशी बसली. पुण्यात आम्हाला गच्चीचा फ्लॅट मिळाला तेव्हा आई म्हणाली, "बाकी काही लाव नाहीतर नको लावू, भुईचाफा तेवढा लाव."

एप्रिलमध्ये शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत गेले. मालक जेवायला गेलेले, काम करणारा मुलगा बंगालकडचा. भुईचाफा म्हटल्यावर तो विचारतो, "कौन सा चाँपा?" मी माझ्या हिंदीत सुरू केलं: जमीन में कंद होता है, सफेद फूल, बहोत खुशबू. त्याचा चेहरा एकदम खुलला. "हाँ हाँ, दोलनचाँपा!" आणि आल्यासारखे दिसणारे तीन कंद कागदात गुंडाळून दिले.

मे महिन्यात कोंब आले. जूनअखेर गुडघ्याइतकं झालं. आईला फोटो पाठवला तर ती म्हणे, पान खालून जांभळं हवं. मी म्हटलं, पुण्याचं पाणी लागलं असेल. जुलैत ते माझ्या खांद्याला लागलं तेव्हा मलाही शंका यायला लागली होती, पण मी तोंड उघडलं नाही. परवा संध्याकाळी फुललं. व्हिडिओ कॉल लावला. आई दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "अगो, हा सोनटक्का!" मग जी हसत सुटली ती बाबांना हाक मारून बोलावून आणेपर्यंत थांबली नाही.

सोनटक्क्यावर राग नाही. घरभर वास आहे. पण बहुवर्षायू झाडांचं हेच असतं, चूक कळेपर्यंत वर्ष निघून जातं. तर, खरा भुईचाफा मागताना काय नाव सांगू? आणि तुमचे असले घोळ असतील तर तेही येऊ द्या.

रोपवेडा | १९ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, नाव लिहून घ्या: कॅम्फेरिया रोटुंडा. तुम्हाला मिळाला तो हेडिचियम कोरोनॅरियम. दोन्ही आल्याच्या कुळातले, त्यामुळे कागदात गुंडाळलेल्या कंदावरून फसायला होणारच.

त्या मुलाची मात्र काही चूक नाही हं. बंगालीत सोनटक्क्याला दोलनचाँपाच म्हणतात. त्याने त्याच्या भाषेतला चाफा दिला, तुम्ही तुमच्या भाषेतला मागितला होता. हिंदी पट्ट्यात काही ठिकाणी हाच सोनटक्का गुलबकावली होतो, आणि क्यूबात तर तो राष्ट्रीय फूल आहे. सोनं नावात असून फूल पांढरंशुभ्र, हा आपल्याकडचा विनोद वेगळाच.

जाता जाता, दिवाळीच्या उटण्यात जी कपूरकाचरी घालतात ती सोनटक्क्याच्याच प्रजातीतली, हेडिचियम स्पायकॅटम. म्हणजे अंगाला फासत होतोच, गच्चीत आज आला.

कट्ट्यावरची | १९ ऑगस्ट, रात्री १०:५१

चाफा हे झाडाचं नाव नाहीच मुळी, ती पदवी आहे. जरा घमघमलं की दिली. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवळाजवळचा पांढरा चाफा, ज्याला खुरचाफा म्हणतात तो, कण्हेरीच्या कुळातला, आणि मूळचा अमेरिका खंडातला. हिरवा चाफा सीताफळाचा नातेवाईक, म्हणून तर त्याला पिकल्या फळासारखा वास. नागचाफा वेगळाच. आणि भुईचाफा आल्याचा. पाच चाफे आणि पाच घराणी, एकमेकांशी सोयरीक नाही. "एक चाफा द्या" म्हणून रोपवाटिकेत जाणं म्हणजे शनिवार पेठेत जाऊन "जोशी कुठे राहतात" विचारणं.

ओसरी | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

माहेरची जोशीच आहे मी :) पुढे चालू द्या.

काढेवाले_वैद्य | २० ऑगस्ट, सकाळी ७:२०

हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे हा घोळ पोटात जातो.

ब्राह्मीचंच घ्या. मागच्या महिन्यात एक बाई मुलाच्या अभ्यासासाठी बाल्कनीतली ब्राह्मी रोज चार पानं देते म्हणून सांगत होत्या. म्हटलं, कुंडी दाखवा. फोटोत गोल, कडा कातरलेली, लांब देठाची पानं, एकेक पान रुपयाएवढं. ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, मराठीत कारिवणा. आम्ही ब्राह्मी म्हणून वापरतो ती बाकोपा मॉन्निएरी. तिची पानं बारीक, मांसल, समोरासमोर जोडीने, घोळाच्या भाजीची आठवण यावी अशी, आणि फूल फिकट पांढरं-जांभळं. ती पाण्याच्या कडेने पसरते. दोघी जमिनीलगत सरपटतात, दोघींना ओल लागते, दोघी वर्षानुवर्षं जगतात आणि बुद्धीसाठी दोघींचं नाव घेतात. यापलीकडे नातं नाही. एक गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली, दुसरीचं कुळच निराळं. उत्तरेत मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणायची पद्धत आहे, केरळात तसं म्हटलंत तर वैद्य हसतील. सरकारी आयुर्वेदिक औषधकोशात दोन्ही स्वतंत्र नोंदल्या आहेत, पण रोपवाटिकेतल्या पाटीवर कोश कोण वाचतो?

शंखपुष्पी तर याहून बिकट. कोशातली कॉन्व्हॉल्व्ह्युलस. आपल्या माळावर निळी, टिकलीएवढी फुलं येतात ती विष्णुक्रांता, इव्हॉल्व्ह्युलस, तिलाही बरेच जण शंखपुष्पी म्हणूनच खुडतात. आणि दक्षिणेत शंखपुष्पम म्हणजे आपली गोकर्ण.

तगर म्हणाल तर अंगणातली पांढऱ्या फुलांची वेगळी आणि औषधातली वेगळी. औषधातलं तगर म्हणजे हिमालयातल्या व्हॅलेरियानाचं मूळ. अंगणातल्या तगरीचं मूळ उगाळून झोप येईल म्हणून कोणी बसू नका.

फूलबाजार | २० ऑगस्ट, दुपारी १:३०

आमच्या गाळ्यावरचं सांगतो. फुलाचं एकच नाव धरून बसलं तर धंदा बंद पडेल. पुण्यात गुलछडी, पुस्तकात निशिगंध, मुंबईचं आणि हिंदीभाषक गिऱ्हाईक रजनीगंधा म्हणतं. सिंगल सुटी किलोवर जाते हाराला, डबलच्या दांड्या जातात गुच्छाला. इथपर्यंत ठीक. एकदा लग्नाची ऑर्डर फोनवर आली, "स्टेजला रातराणीच्या दोनशे दांड्या." मी म्हटलं ताई, रातराणी तोडली की संध्याकाळपर्यंत मान टाकते, तिच्या दांड्या कुठून आणू? त्या ऐकेनात. शेवटी फोटो पाठवला, तेव्हा म्हणाल्या, "हीच हो, रातराणी." होती गुलछडी. मराठीत निशिगंध म्हणजे रात्रीचा गंध, हिंदीत रजनीगंधा म्हणजेही तेच, आणि रातराणीला वास रात्रीच. त्या तरी काय करणार.

कट्ट्यावरची | २० ऑगस्ट, दुपारी २:१०

आणि ऑनलाइन "नाइट जास्मिन" मागवलंत तर पारिजातक येईल नाहीतर रातराणी, नशिबात असेल ते. दोघांनाही इंग्रजीत तेच म्हणतात आणि दोघांपैकी जास्मिन एकही नाही.

कमळी_केरी | २० ऑगस्ट, रात्री ८:०२ (आमची सकाळ)

जास्मिनवरून माझी जखम उघडली. नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मोगऱ्याची इतकी आठवण यायची की दुकानात "स्टार जास्मिन" दिसल्याबरोबर दोन कुंड्या उचलल्या. फुलं पांढरी, भिंगरीसारखी वळलेली, वास गोड. गजरा करायला म्हणून देठ तोडला तर बोटाला पांढरा चीक! मोगऱ्याला कुठला चीक? शोधलं तर ट्रॅकेलोस्पर्मम, कण्हेरीच्या कुळातला.

दुसऱ्या वर्षी शेजारणीने प्रेमाने "कॅरोलायना जास्मिन" दिला. पिवळी फुलं, कुंपणभर वेल. तो जेल्सेमियम, नखशिखांत विषारी. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, दिसेल ते फूल तोंडात घालायची. त्याच दिवशी उपटला, शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. खरा मोगरा शेवटी एका तमिळ मैत्रिणीकडून मिळाला, तिला बोटॅनिकल नावच सांगितलं होतं: जॅस्मिनम सॅम्बॅक. हिवाळ्यात तो आमच्याबरोबर घरात हीटरजवळ बसतो.

जास्वंदीचं वेगळंच. "हार्डी हिबिस्कस" म्हणून घेतली, थाळीएवढी फुलं आली, सासूबाईंनी भारतातून गणपतीसाठी फोटो मागवले. डिसेंबरात सगळी वाळून काठ्या. नवऱ्याने मेली म्हणून मार्चमध्ये मुळासकट खणून फेकली. ती मेली नव्हती! हिबिस्कस मॉश्चुटॉस दर थंडीत जमिनीपर्यंत वाळते आणि बाकी सगळ्यांनंतर, अगदी मे उजाडता उजाडता, पुन्हा फुटते. आपली जास्वंद रोजा-सायनेन्सिस, ती असं काही करत नाही, थंडी लागली की खरंच मरते.

लेस्टरकर | २० ऑगस्ट, रात्री ९:१५

कमळीताई, तुमच्याकडचं "रोज ऑफ शॅरन" म्हणजे जास्वंदीतलाच हिबिस्कस सिरियाकस ना? आमच्याकडे इंग्लंडात त्याच नावाने मागितलंत तर पिवळ्या फुलांचं बुटकं हायपेरिकम मिळतं. आणि ते लावलं की पुढच्या तीन पिढ्या निघत नाही. ब्लूबेलचंही तसंच, इंग्लंडातली वेगळी आणि स्कॉटलंडातली वेगळी. भाषा एक, राजा एक, तरी ही तऱ्हा.

बांधावरचा | २१ ऑगस्ट, सकाळी ६:४५

सगळे लॅटिन नावाची आरती ओवाळताय म्हणून लिहितो. मी वीस वर्षं छोटी रोपवाटिका चालवली. सुरुवातीला हौसेने पत्र्याच्या पट्ट्यांवर बोटॅनिकल नावं रंगवून घेतली होती. स्नेक प्लांटवर सॅन्सेव्हिएरिया लिहिलं, २०१७ पासून ते ड्रॅसीना झालं. कोलियसचं मध्ये सोलेनोस्टेमॉन, मग प्लेक्ट्रँथस, आणि आता २०१९ मध्ये परत कोलियस! ज्याची भजी करतो तो पानओवासुद्धा त्याच्यामागे फरफटत गेला. रोझमेरी म्हणे आता साल्व्हिया. आणि सदाफुलीला दुकानदार अजून विंका म्हणतात, नाव बदलून किती काळ लोटला तरी. आमची आजी कर्दळीला कर्दळ म्हणायची, आई कर्दळ म्हणायची, मीही म्हणतो. सांगा, टिकाऊ नाव कुठलं?

जुना_मास्तर | २१ ऑगस्ट, सकाळी ११:३०

बांधावरचे साहेब, तुमचा वैताग मान्य. चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, माझ्याही वहीत खोडाखोड आहे. पण नाव उगाच बदलत नाही, जरा सांगू द्या.

लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये जी दोन शब्दांची पद्धत पक्की केली ती आपल्या हजेरीपटासारखी समजा: आडनाव आधी, नाव नंतर. मॅग्नोलिया हे आडनाव, चंपाका हे नाव. पुढे कोणी पुरावा आणला की हे पोर या घरातलं नाही, त्या घरातलं आहे, की आडनाव बदलतं. नाव शक्यतो तेच ठेवतात. सोनचाफा मायकेलिया चंपाकाचा मॅग्नोलिया चंपाका झाला. तुमचं स्नेक प्लांट सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा होतं, ते ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा झालं. म्हणजे पट्टीवरचा पहिला शब्दच पुसायचा, दुसरा तसाच. हल्ली पुरावा बहुतेक डीएनएचा असतो, म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदल्या फार झाल्या.

सदाफुलीत एक गंमत आहे. लिनियसने १७५९ मध्ये तिला विंका रोझिया म्हटलं. नव्या घरी गेल्यावर ती कॅथरँथस रोझियस झाली, रोझियाची रोझियस. कारण लॅटिनमध्ये विशेषण आडनावाच्या लिंगाप्रमाणे चालतं, आपल्या पांढरा-पांढरी-पांढरंसारखं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे समजावताना घाम फुटायचा, मराठी माध्यमाची पोरं लगेच मान डोलवायची.

आता फूलबाजार यांच्या गुलछडीची बातमी. पॉलिअँथस ट्युबरोजा हे नाव आपण पाठ केलं होतं, ते गेलं. डीएनए पाहिल्यावर कळलं की ती अगेव्हच्या घरातलीच आहे. अगेव्ह म्हणजे घायपात, बांधावरची, दोर वळायची. पण तिथे अगेव्ह ट्युबरोजा हे नाव आधीच दुसऱ्या एका झाडाला देऊन झालेलं, आणि एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं चालत नाहीत. म्हणून २०१७ पासून ती अगेव्ह अमायका. अमायका म्हणजे मैत्रीण.

फूलबाजार | २१ ऑगस्ट, दुपारी १२:०५

मास्तर, घायपाताची मैत्रीण म्हणून गुलछडी विकायला लागलो तर नवरदेव मांडवातून पळेल. पण हे ऐकून बरं वाटलं.

बांधावरचा | २१ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मास्तर, समजलं. पण मग शेवंतीचं काय? ती जाऊन परत आली असं ऐकलं होतं.

जुना_मास्तर | २१ ऑगस्ट, दुपारी ४:२०

आली ना. १९६१ मध्ये बागेतल्या शेवंत्या क्रिसॅन्थेममच्या घरातून काढून डेन्ड्रँथेमा नावाच्या घरात घातल्या. नियमाने ते बरोबर होतं, कारण क्रिसॅन्थेममचं मूळ घराणं ज्या झाडावरून ठरलं होतं ते एक वेगळंच, वर्षायू, पिवळ्या फुलांचं झाड होतं. पण जगभरचे बागायतदार आणि फूलविक्रेते कुरकुरत राहिले. शेवटी १९९९ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत, सेंट लुईसला, उलटं केलं: घराण्याचं मूळ झाडच बदललं, शेवंतीच्या बाजूचं ठरवलं आणि क्रिसॅन्थेमम हे नाव तिला परत दिलं. ते बिचारं मूळ झाड ग्लेबिओनिस नावाने बाहेर पडलं. भाडेकरूसाठी घरमालकाला घराबाहेर काढायचं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. तेव्हा शास्त्रज्ञ बागवाल्यांचं अजिबात ऐकत नाहीत असं नाही.

आणि कर्दळीबद्दल. तिचं शास्त्रीय नाव कॅना इंडिका, पण ती मूळची भारताची नाही, अमेरिका खंडातली. युरोपियनांना तेव्हा दोन्हीकडे "इंडीज"च दिसत होतं. तेव्हा बोटॅनिकल नावावरून गाव शोधायला जाऊ नये.

कट्ट्यावरची | २१ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

लिली राहिली! आमच्या सोसायटीत चौघींकडे चार लिली. पहिल्या पावसानंतर उगवणारी गुलाबी ती झेफिरँथस. लांब पांढऱ्या तंतूंची स्पायडर लिली म्हणजे हायमेनोकॅलिस. हॉलमधली पीस लिली अळूची नातेवाईक. आणि एप्रिल-मेमध्ये भोंग्याएवढी लाल फुलं येतात ती, जिला सगळे अॅमरिलिस म्हणतात पण जी हिप्पिअॅस्ट्रम आहे. चौघींत खरी लिली, म्हणजे लिलियम, एकही नाही. गणेशोत्सवात सजावटीला आणलेल्या गुच्छात होती, ती मात्र दोन दिवसांत कचऱ्यात गेली.

लेस्टरकर | २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

अॅमरिलिसवरून आठवलं, आमच्याकडे तसंच जिरेनियमचं. खिडकीतल्या कुंड्यांत लाल गुच्छ येतात त्यांना अख्खं इंग्लंड जिरेनियम म्हणतं, ते खरं पेलार्गोनियम. १७८९ मध्ये वेगळं काढलं, लोकांनी अजून ऐकलेलं नाही. खरं जिरेनियम जमिनीत लावायचं, बर्फात टिकणारं, निळं-जांभळं. ग्रीकमध्ये जिरेनियम क्रौंचावरून आणि पेलार्गोनियम करकोच्यावरून, कारण शेंगेला चोच असते. पहिल्या वर्षी मी दोन्ही बाहेर ठेवली. जानेवारीत क्रौंच जगला, करकोचा गेला.

बांधावरचा | २१ ऑगस्ट, रात्री ९:००

अरे, मग आपल्याकडे तेलासाठी जे जिरेनियम लावतात, ज्याच्या पानाला गुलाबासारखा वास येतो, ते?

लेस्टरकर | २१ ऑगस्ट, रात्री ९:०४

करकोचा. पेलार्गोनियम.

मांडवीकाठ | २२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

उशिरा आलो. मास्तरांना एक जोड देतो. लिनियसच्या आधी पाऊणशे वर्षं कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने मलबारच्या झाडांचा हॉर्टस मलाबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला, १६७८ ते १६९३, अॅमस्टरडॅमला छापला. त्यात नावं सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते आणि तीन कोंकणी ब्राह्मण होते: रंगा भट, विनायक पंडित, आपू भट. पहिल्या खंडात त्यांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरीत छापलेलं आहे. चित्रांवरही नावं वेगवेगळ्या लिप्यांत, त्यात आपली नागरी. म्हणजे एकाच झाडाला चार नावं असतात आणि ती सगळी लिहून ठेवायला हवीत, हे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. लिनियसने पुढे हे खंड चाळून त्यातली झाडं आपल्या यादीत घेतली. मास्तरांनी सांगितलेला चंपाका लॅटिनमध्ये गेला तो असाच, आपल्याकडचा शब्द घेऊन.

काढेवाले_वैद्य | २२ ऑगस्ट, दुपारी ३:००

एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं येतात ती कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा. हौसेने लावतात, दिसतेही देखणी, तमिळनाडूचं राज्यफूल आहे. कोकणात तिला खड्यानाग म्हणतात आणि काही भागांत बचनाग. आणि औषधात बचनाग म्हणजे अॅकोनाइट, हिमालयातला. दोन्ही जहाल विषारी, पण विषं वेगळी आणि उपचार वेगळे. घरात मुलं, कुत्री असतील तर कंद कुठे पुरलाय हे माहीत असू द्या. तो नांगरासारखा दुफाटी असतो, म्हणून संस्कृतात लांगली. रताळं समजून कोणी उकडू नये. आणि दुर्दैवाने कोणी खाल्लंच तर दवाखान्यात "बचनाग खाल्ला" एवढं सांगून थांबू नका, झाडाची फांदी किंवा फोटो बरोबर न्या.

ओसरी | २२ ऑगस्ट, रात्री १०:००

वैद्यबुवा, गच्चीच्या कोपऱ्यात कळलावी आहे. उद्या पाटी लावते. भुईचाफ्यासाठी गुहागरच्या मावशीला सांगितलंय. पानं पिवळी पडून बसली की कंद काढून पाठवते म्हणाली.

रोपवेडा | २२ ऑगस्ट, रात्री १०:२०

पाटी मार्करने लिहू नका, दोन उन्हाळ्यांत कोरी होते. शिसपेन्सिलीने लिहा, ती वर्षानुवर्षं टिकते. आणि भुईचाफ्याच्या कुंडीला थंडीत पाणी जवळजवळ बंद. वर काही दिसणार नाही, घाबरू नका.

ओसरी | ९ एप्रिल, सकाळी ८:३५

धागा वर काढतेय.

डिसेंबरात मावशीचं पार्सल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच कंद, वर तिच्या अक्षरात "भुई. चाफा" (मध्ये पूर्णविराम का, ते तिलाच माहीत). कुंडीत लावले. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची पट्टी कापून त्यावर नाव लिहिलं, आणि हो, मार्करनेच, कारण पेन्सिल मुलाच्या दप्तरात होती. पाणी बंद. कुंडी कोरी ठणठणीत.

फेब्रुवारीत मी आठ दिवस बंगळूरला गेले. आल्यावर बघते तर त्या कुंडीत हिरवीगार मेथी! सासूबाई म्हणाल्या, "रिकामी कुंडी उगाच पडली होती." पट्टी? ती त्यांना कचरा वाटली, कारण त्यावर काही लिहिलेलं दिसत नव्हतं. दोन महिन्यांत पुसलं गेलं होतं. मेथीला रोज पाणी दिलेलं. मी काही बोलले नाही, पण मेथीची भाजी त्या दिवशी मला गेली नाही.

काल सकाळी मेथीच्या वाळक्या काड्यांमधून एक फूल वर आलंय. पांढरं, मधली पाकळी जांभळी. सासूबाई गुडघे टेकून बसल्या होत्या, मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, मेथीला हे काय आलं?"

आईला व्हिडिओ कॉल लावला. या वेळी ती हसली नाही.

जुना_मास्तर | ९ एप्रिल, सकाळी ९:१०

वा! पाचांपैकी किती जगले?

ओसरी | ९ एप्रिल, सकाळी ९:३२

अजून तरी एकच कोंब. बाकीचं मातीत काय चाललंय माहीत नाही, उकरून बघायचा धीर नाही.

फूलबाजार | ९ एप्रिल, दुपारी १२:१५

वाढले की एक कंद मला ठेवा. कुरियरचा खर्च माझा. आणि पाकिटावर सोनटक्का लिहू नका.